कॅप्टनसाहेब हसत नाहीत

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला आर्थर लोचं काम पहिल्यांदा पाहताना हसू येत नाही; दचकायला होतं. केबिनच्या दारात तो उभा राहतो, चष्मा सावरतो, बाहेरच्या टेबलांवरून एक नजर फिरवतो. एवढंच. पण त्या नजरेत शाखेची शिस्त असते, हेड ऑफिसची धास्ती असते आणि आपली किंमत कुणाला कळली नाही ही खंतही असते. अशा साहेबांच्या हाताखाली मी काम केलं. पुढे, कबूल करायला हरकत नाही, तसा साहेब झालोही.

बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही मालिका जुलै १९६८ मध्ये सुरू झाली आणि १९७७ पर्यंत तिचे ८० भाग झाले. १९४० साली जर्मन फौजा कुठल्याही क्षणी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील असं वाटत होतं. तेव्हा सैन्यात न घेतलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आणि पोरसवदा मुलांचं गृहरक्षक दल उभं राहिलं. मालिकेतल्या काल्पनिक गावी या तुकडीचा प्रमुख असतो बँकेचा मॅनेजर, जॉर्ज मॅनरिंग. (स्पेलिंगबरहुकूम वाचलं तर 'मेनवेअरिंग'; इंग्रजी नावांचा ताळेबंद कधी जुळतच नाही.) कॅप्टन तो स्वतःच स्वतःला करून घेतो.

लो तेव्हा बावन्न वर्षांचा होता. जन्म १९१५ चा, डर्बीशरमधल्या हेफील्डचा. वडील रेल्वेत, दौऱ्यावरच्या नाटक कंपन्यांच्या खास गाड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मुलाला मात्र व्यापारी जहाजांवर जायचं होतं. नजर अधू निघाली आणि ते राहिलं. महायुद्धात मध्यपूर्वेत जवानांसाठी नाटकं करताना त्याला रंगमंचाची गोडी लागली. १९४५ साली मँचेस्टरच्या रेपर्टरी नाटक मंडळीत तो व्यावसायिक नट झाला. मग वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका. १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्ये तो अगदी शेवटी वार्ताहर म्हणून येतो आणि जातो. १९६० पासून 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये त्याने शिष्टाचारप्रिय कापडदुकानदार स्विंडली रंगवला, तेव्हा लोक त्याला ओळखू लागले. पण ती मालिका प्रतिस्पर्धी वाहिनीची, म्हणून कॅप्टनच्या भूमिकेसाठी त्याचं नाव निघालं तेव्हा बीबीसीत आधी नाकं मुरडली गेली.

लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांची खरी हुशारी पात्रयोजनेत आहे. रुबाबदार, खानदानी दिसणारा जॉन ल मेझुरिए कॅप्टन आणि ठेंगणा, गोल लो सार्जंट, अशी वाटणी कुणीही केली असती. त्यांनी ती उलटी केली. बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकलेला विल्सन बँकेत हेड क्लार्क आणि तुकडीत सार्जंट. साध्या शाळेतून धडपडत वर आलेला मॅनरिंग त्याचा साहेब. खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीत सहज बसण्याची कला विल्सनकडेच राहिली.

१९७० च्या एका भागात विल्सनला दुसऱ्या शाखेचा मॅनेजर म्हणून बढती मिळते आणि वर लष्करी अधिकारपदही. मॅनरिंग संतापतो. त्याचं ते बोलणं ऐकताना मला आमच्या बढतीच्या याद्या लागण्याचे दिवस आठवले. हेवा आहे, क्षुद्रपणा आहे; पण आयुष्यभर एकेक पायरी कमावलेल्या माणसाचा राग खोटा नाही. लो तो खोटा होऊ देत नाही. पुढे बाँबहल्ल्यात ती नवी शाखाच उद्ध्वस्त होते आणि विल्सन मुकाट्याने जुन्या टेबलावर परत येतो.

स्वतः लोही मानापमानाच्या बाबतीत हळवाच. १९७३ च्या एका भागात जर्मन कप्तान तुकडीतल्या एकाच्या पँटमध्ये हातबाँब खुपसतो. तो मॅनरिंगच्या पँटमध्ये जायचा होता, पण लोने साफ नकार दिला आणि तो प्रसंग खाटीक जोन्सच्या वाट्याला गेला, असं सहकारी सांगत. पाठांतराचा आळस हीसुद्धा त्याची ख्याती. हट्टी माणूस! पण पँटबद्दल त्याचंच बरोबर होतं, असं मला वाटतं. हा मॅनेजर चेष्टेचा विषय असला तरी विदूषक नाही. जर्मन खरोखर आले असते तर तो मूठभर काडतुसं घेऊन रस्त्यात उभा राहिला असता, याबद्दल प्रेक्षकाला शंका उरत नाही. तुकडीलाही नसते, म्हणून तर ती त्याचं ऐकते.

दिग्दर्शक लिंडसे अँडरसनने त्याला गंभीर चित्रपटांत वापरलं. 'ओ लकी मॅन!'साठी त्याला सहायक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. पण रस्त्यात भेटणाऱ्यांसाठी तो कॅप्टनच राहिला.

१४ एप्रिल १९८२ रोजी बर्मिंगहॅमच्या अलेक्झांड्रा थिएटरमध्ये 'होम अॅट सेव्हन'च्या प्रयोगाआधी तो रंगपटात कोसळला. पहाटे रुग्णालयात गेला, वय सहासष्ट. बायको जोन कूपर त्याच नाटकात काम करत होती. अंत्यसंस्काराच्या वेळी ती बेलफास्टला होती. नाटकाचा दौरा चालू होता.