खोलीतला समुद्र

‘फाइंडिंग निमो’ (२००३) बघून निमो पाळावासा वाटणं साहजिक आहे. रेक्टर मॅडमच्या परवानगीने माझ्या रूमवर ६० लिटरची टाकी आहे, त्यामुळे रोज कुणीतरी विचारतंच, “अवघड असतं का गं?”

खरं सांगायचं तर मासा नाही, पाणी सांभाळावं लागतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या टाकीत सुमारे २ किलो! पाण्याची वाफ होते, क्षार मात्र तिथेच राहतात. म्हणून रोजची घट आरओच्या गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही.

दुसरा शत्रू अमोनिया. तो माशांमुळे आणि उरलेल्या खाण्यातून तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, जे बरंच कमी विषारी असतं. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणायचा नाही.

लाइट गेली की पंप बंद, आणि पाण्यातला ऑक्सिजन घटू लागतो. बॅटरीवरचा एअरपंप हवाच.

प्रवाळ मात्र माझ्याकडे नाहीत. रीफ बांधणारे प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघही त्याच यादीत! दुकानदार काहीही म्हणो, ते घ्यायचे नाहीत. क्लाऊनफिश हॅचरीत जन्मलेले मिळतात, तेच मागा.

सबमिशन, पीएल, दिवाळीची सुट्टी, या काळात टाकी कोण बघणार ते आधी ठरवा, मगच टाकी घ्या. आपल्याला एटीकेटी मिळते, निमोला नाही.