इराण अरब नाही, आखातही एकसारखं नाही : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

लासलगावचा कांदा दुबईला जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांची युरोपला जाण्याची नेहमीची वाट तांबड्या समुद्रातून आहे. पश्चिम आशियात काही बिनसलं की त्याची झळ नाशिक जिल्ह्यापर्यंत पोचते ती अशी. तरीही त्या प्रदेशाविषयी आपल्या मोबाइलवर जे फिरतं आणि पारावर जे बोललं जातं, त्यात चुकीचं पुष्कळ असतं. त्यातले पाच गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : इराण हा अरब देश आहे.

वस्तुस्थिती : इराणची मुख्य भाषा फारसी. ती अरबी लिपीच्या वळणाने लिहिली जात असली, तरी तिचं कूळ संस्कृत-मराठीच्या कुळाशी जुळतं, अरबीशी नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या अरब लीगमध्ये आज २२ सदस्य आहेत, पण त्यांत इराण नाही. इराणी नववर्ष, नवरोझ, वसंतसंपाताला सुरू होतं आणि ते इस्लामच्या उदयाहून जुनं आहे. इराणच्या खुझेस्तान प्रांतात अरब राहतात, पण देशात ते अल्पसंख्याक.

इराणी लोकांची नाशिकला ओळखही जुनी आहे. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन आणि पल्हवांचा पाडाव केला, असं त्यात कोरलेलं आहे. हे पल्हव म्हणजे पार्थियन, इराणी वंशाचे लोक. हा लेख दुसऱ्या शतकातला, म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधीचा. नाशिक-देवळालीच्या पारशी कुटुंबांचे पूर्वजही इराणमधूनच आले.

गैरसमज २ : अरब म्हणजे मुस्लिम आणि मुस्लिम म्हणजे अरब.

वस्तुस्थिती : लेबनॉनचा राष्ट्राध्यक्ष प्रथेने मॅरोनाइट ख्रिस्ती असतो. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती समाज मोठा आहे. उलट, सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत मोडणारे इंडोनेशिया, पाकिस्तान आणि भारत यांपैकी एकही अरब नाही. आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव पाहा. तिथल्या मोमीन विणकरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेशातून माग घेऊन आले. त्यांची भाषा उर्दू, आणि ती भारतातच घडली. रियाध किंवा तेहरानच्या निर्णयांचा जाब मालेगावच्या माणसाला विचारणं सर्वस्वी अन्यायाचं आहे.

गैरसमज ३ : तिथलं सगळं राजकारण म्हणजे शिया-सुन्नी भांडण.

वस्तुस्थिती : पंथ हे एक कारण असतं. सत्ता, सुरक्षा आणि व्यापार ही कारणं अनेकदा त्याहून मोठी ठरतात. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची कोंडी केली. कतार सुन्नी, आणि कोंडी करणारी सरकारंही सुन्नीच. ती कोंडी जानेवारी २०२१ मध्ये अल-उला इथे सुटली. इराण शिया असूनही सुन्नी हमासला मदत करत आला आहे. शियाबहुल अझरबैजानचे इस्रायलशी घट्ट संबंध आहेत.

मैत्री-वैरही कायमचं नसतं. २०१६ मध्ये सौदी अरेबियाने इराणशी राजनैतिक संबंध तोडले. १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये दोघांनी ते पुन्हा जोडण्याचा करार केला. त्याआधी २०२० मध्ये अमिराती आणि बहारीन यांनी इस्रायलशी अधिकृत संबंध प्रस्थापित केले होते. ही सरकारं आपापलं हित पाहून दिशा बदलतात.

गैरसमज ४ : तिकडच्या तंट्याने आपलं फक्त पेट्रोल महागतं, आणि आपल्या कांद्यावाचून आखाताला पर्याय नाही.

वस्तुस्थिती : नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. हुथी अरब आहेत, झैदी शिया आहेत आणि त्यांना इराणची मदत आहे. जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. नेमका २०२४ चा द्राक्ष हंगाम त्यात सापडला. न्हावाशेवाहून युरोपला जाणाऱ्या कंटेनरचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला आणि भाडं भडकलं. नाशवंत मालाला प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

इथे दोन सामुद्रधुन्या वेगळ्या ओळखायला हव्यात. दुबईच्या जेबेल अली बंदरात जाणारा कांदा इराण आणि ओमान यांच्यामधल्या होर्मुझमधून जातो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नेहमीची वाट येमेनजवळच्या बाब-अल-मंदेबमधून आहे. संकट कुठे आहे त्यावर कोणाचा माल अडणार ते ठरतं.

कांद्याचं म्हणाल, तर आखाताचं दार काही काळ आपणच बंद केलं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातबंदी घातली. अमिरातीसारख्या काही देशांसाठी मर्यादित खास परवानगी मिळाली, बाकी व्यापार थांबला. खरेदीदार पाकिस्तान, इजिप्त अशा देशांकडे वळले. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं. किमान मूल्य त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेलं, शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. गेलेलं गिऱ्हाईक आपोआप परत येत नाही.

गैरसमज ५ : हे समाज थिजलेले आहेत; तिथे काही बदलत नाही.

वस्तुस्थिती : सौदी अरेबियात २०१८ च्या एप्रिलमध्ये काही दशकांनंतर चित्रपटगृह उघडलं आणि जूनमध्ये स्त्रियांना गाडी चालवायची मुभा मिळाली. पण त्याच हक्कासाठी लढलेल्या काही स्त्रियांना आदल्याच महिन्यात अटक झाली होती. बदल खरा आहे, त्याचा लगाम मात्र राज्यकर्त्यांच्या हाती आहे. इराणमध्ये उलट दिशा दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, आणि स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तिथे समाज पुढे धावतो आणि सत्ता त्याला मागे ओढते.

इराणी सिनेमा हा या धडपडीचा सर्वांत बोलका पुरावा. असगर फरहादींना दोनदा ऑस्कर मिळालं, आणि सरकारने बंदी घातलेल्या जाफर पनाहींनी २०२५ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ १९३३ साली तयार झाला तो मुंबईत, पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशिकमध्येच अखेरचा श्वास घेतलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्याने हे नातं अभिमानाने सांगावं.

म्हणून यापुढे ‘तिकडे भडका उडाला’ अशी बातमी आली, की ती पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा : देश नेमका कोणता? निर्णय सरकारचा की लोकांचा? आणि वाट कोणत्या समुद्रातली? या तिन्हींची उत्तरं माहीत असलेला शेतकरी आपला माल नीट राखेल, आणि माहीत असलेला नागरिक आपला शेजार.