व्हॉल्व्हचा रेडिओ गोड का लागतो?

"जुन्या रेडिओच्या आवाजाची सर नव्याला नाही," हे वाक्य आपल्या किनाऱ्यावर, रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत, ज्या घरात साठीपुढचे माणूस आहे त्या घरात एकदा तरी कानी पडतेच. बोलता बोलता ते माणूस बहुधा माळ्याकडे बोट दाखवते. मर्फीची, बुशची नाही तर फिलिप्सची लाकडी पेटी अजून तेथे धूळ खात असते. मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेच्या शास्त्राशी माझा संबंध शाळेपुरता. परंतु माझे मामा रेवदंड्याला रेडिओ दुरुस्त करीत असत, आणि सुट्ट्यांमध्ये त्यांच्या बाकड्याशी बसून मला या वाक्याचा थोडाफार छडा लावता आला. वाक्य खोटे नाही. मात्र त्याचे श्रेय आपण भलत्यालाच देतो, असे माझे मत झाले आहे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत मधोमध कॅथोड. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. भोवती धातूची प्लेट; तिच्यावर दोनअडीचशे व्होल्टचा धन दाब असल्याने ती त्यांना ओढून घेते. या दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. आपल्या खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, ती डोळ्यांपुढे आणावी. उघाडीची फळी जराशी हलवायला फारसा जोर लागत नाही, पण तिच्यामुळे पाण्याचा केवढा लोट अडतो किंवा सुटतो! एरियलने आणलेला क्षीण संदेश ग्रिडवर येऊन ही फळी हलवतो आणि त्याच तालावर इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. फ्लेमिंगने 1904 साली बिनजाळीचा व्हॉल्व्ह केला, द फॉरेस्टने 1906 साली त्यात जाळी घातली. बटण फिरवल्यावर आवाज यायला पाव-अर्धा मिनिट लागे, ते कॅथोड तापण्यासाठी. स्टेशन नीट लागले की मिटत येणारा तो हिरवा डोळा, ज्याच्याकडे मुले टक लावून बसत, तोही एक व्हॉल्व्हच.

1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हेच काम जर्मेनियमच्या कणाएवढ्या तुकड्यात, काहीही न तापवता होऊ लागले. (जाता जाता: गॅलीना या खनिजाच्या अर्धवाहक गुणाचा उपयोग करून लहरी टिपण्याच्या युक्तीचे अमेरिकन पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोसांना 1904 सालीच मिळाले होते. म्हणजे धाकट्याचे बीजही थोरल्याच्याच वर्षी रुजले म्हणायचे.) व्हॉल्व्हचा रेडिओ चाळीस-पन्नास वॉट वीज खाई, ट्रान्झिस्टर दोन-चार सेलांवर महिनाभर चाले. जेथे वीज पोचली नव्हती त्या वाड्यांत आणि मासेमारीच्या होड्यांवर रेडिओ खऱ्या अर्थाने गेला तो ट्रान्झिस्टरमुळे.

मग गोडी कोठली? मामांनी एक साधी गोष्ट करून दाखवली. हातात मावेल एवढ्या ट्रान्झिस्टरच्या अडीच इंची स्पीकरच्या तारा त्यांनी सोडवल्या आणि जुन्या मर्फीच्या पेटीतील आठ इंची स्पीकरला जोडल्या. पेटीतले व्हॉल्व्ह थंडच होते. आकाशवाणीवर कोणी शेतीविषयक माहिती देत होते. तोवर पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा येणारा तो आवाज एकदम भरदार झाला. बोलणारा माणूस जणू पुढ्यात येऊन बसला. शेजारच्या दुकानदाराने आत डोकावून "जुना लावलात वाटतं?" असे विचारले, यात सगळे आले. मोठा स्पीकर, सागवानी फळ्यांची ऐसपैस पेटी आणि समोर ताणलेले कापड: बारा आणे गोडी तेथे आहे. प्लास्टिकच्या खोक्यात खर्ज राहायला जागाच नसते.

उरलेले चार आणे मात्र व्हॉल्व्हचेच. आवाज मोठा केला की व्हॉल्व्ह हळूहळू दमतो. ध्वनिलहरीचा माथा तो गोलसर दाबतो. ट्रान्झिस्टर शेवटपर्यंत खणखणीत राहतो आणि मग माथा सुरीने कापल्यासारखा छाटतो. व्हॉल्व्हच्या विकृतीत मूळ स्वराच्या दुपटीचा, म्हणजे वरच्या सप्तकातील त्याच स्वराचा अंश बराच असतो, म्हणून ती कानाला खुपत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा दोषच. पण तंबोऱ्याच्या जव्हारीवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना असला दोष गोड लागावा, यात नवल नाही.

परंतु आवाज स्पीकरपर्यंत येण्यापूर्वीच एक मोठा फरक पडलेला असे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओला घराबाहेर तीस-चाळीस फूट तार किंवा माजघराच्या दोन भिंतींमध्ये ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, आणि जमिनीत पुरलेले अर्थिंग असे. ट्रान्झिस्टरच्या पोटात वीतभर फेराइटची कांडी. शिवाय आपण समुद्रकाठचे. खाऱ्या पाण्याची विद्युत्वाहकता जमिनीच्या शेकडो पट असल्याने मध्यम लहरी पाण्यावरून फार थोड्या झिजून येतात. मुंबईची केंद्रे अलिबागला घाटमाथ्यापेक्षा सहज लागत ती त्यामुळे. रात्री वातावरणातील लहरी शोषणारा खालचा थर विरळ होतो आणि वरच्या थरांवरून परावर्तन होऊन आखातातली स्टेशनेही ओटीवर येत. रेडिओ सिलोन येई तो लघुलहरींवर, लाटेसारखा वरखाली होत.

आणि त्या काळी शांतता होती, विजेची शांतता. ही कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ते काम 1904 साली अलिबागला हलवण्यात आले. ट्राम 1907 साली धावली. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेत आहे. आपल्या घरात मात्र ट्राम शिरली आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर ही सगळी उपकरणे सेकंदाला हजारो वेळा वीज तोडून जोडतात आणि मध्यम लहरींच्या पट्ट्यात अखंड खरखर सोडतात. माळ्यावरचा रेडिओ दुरुस्त करूनही "पूर्वीसारखा लागत नाही" अशी तक्रार घेऊन लोक मामांकडे येत. मामा त्यांना आधी घरातले दिवे घालवून ऐकायला सांगत.

पेटी खाली काढायचीच असेल तर थेट प्लगमध्ये मात्र लावू नये. आपल्या दमट हवेत मेणकागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. आधी जाणकाराकडून सिरीज बल्ब लावून पाहावे. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी चासीच विजेच्या तारेला जोडलेली असते. तिला हात लावणे म्हणजे यमाला हाक मारणे. आणि ऐकायचे काय, हाही प्रश्न आहेच. आकाशवाणीने अलीकडच्या वर्षांत देशातील कित्येक मध्यम लहरींची प्रक्षेपणे बंद केली, आणि एफएमचा पट्टा आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पेट्यांत नाही. पूर्वी ऐकण्यासाठी वर्षाला 15 रुपये पोस्टात भरून परवाना घ्यावा लागे. आता परवाना नको, तर स्टेशनेच आटत चालली.

व्हॉल्व्हच्या भक्तांना मी एवढेच विचारतो, की वीज गेली म्हणजे काय? 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर चढले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, मोबाइल मुके झाले, आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या रात्री मामांच्या घरात पाच व्हॉल्व्हच्या तीन पेट्या होत्या, तिन्ही निरुपयोगी. त्यांनी फडताळातून दोन सेलचा ट्रान्झिस्टर काढून ओटीवर ठेवला. आळीतली माणसे येऊन बसली. मुंबई केंद्र इतके स्वच्छ लागले की मामांनाही आश्चर्य वाटले; खरखर औषधालासुद्धा नव्हती, कारण पंचक्रोशीत एकही दिवा पेटलेला नव्हता.