तांबड्या रश्श्यावर जीभ जोखता येते का?

कोल्हापुरात जिभेची परीक्षा तांबड्या रश्श्यावर होते. वाटीमागून वाटी ओरपणारा पट्टीचा खवय्या आणि दुसऱ्याच घोटाला पाण्याकडं हात नेणारा कच्च्या जिभेचा, असा निकाल पंगतीतच लागतो. तो घाईचा आहे, कारण तिखट ही मुळात चवच नव्हे. मिरचीतलं कॅप्सायसिन चवीच्या पेशींना नाही, तर आग आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्यांच्यावरचं टीआरपीव्ही-१ हे ग्राहक प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये ओळखलं. त्यांच्या २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लागला की डोळा चुरचुरतो, तो याच वाटेनं.

जन्मजात तीक्ष्ण चव ही गोष्ट वेगळी. ड्युपॉन्टमधले रसायनज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची भुकटी उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सना काहीच कळलं नाही. १९३० च्या दशकारंभी जाहीर झालेल्या या फरकामागचं मुख्य जनुक, टीएएस२आर३८, २००३ मध्ये सापडलं. पीटीसीसारख्याच प्रॉप या रसायनाचा कडूपणा ज्यांना असह्य होतो, त्यांना चवीच्या अभ्यासक लिंडा बार्टोशुक यांनी १९९० च्या दशकात 'सुपरटेस्टर' म्हटलं. अशा लोकांच्या जिभेवर भूछत्राच्या आकाराचे उंचवटे दाट असतात, असं बार्टोशुक यांना आढळलं. पुढच्या मोठ्या पाहण्यांत मात्र हे नातं तितकं पक्कं ठरलं नाही.

यावर कोणी म्हणेल, सुपरटेस्टरना मिरचीही जास्त झोंबते, मग रश्श्याची परीक्षा खरीच की! झोंबते, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. पण मग निकाल उलटा लागतो. पाणी मागणाऱ्याचीच जीभ अधिक जागी असू शकते. आणि रस्सा पचवणाऱ्याची जीभ बोथट, असंही म्हणता येत नाही. लहानपणापासून कांदा-लसूण चटणी पोटात गेली की तेच मज्जातंतू कॅप्सायसिनला सरावतात. म्हणजे इथं जनुकावर सवयीचा थर चढलेला असतो. कारलं ताटाबाहेर ढकलणारं पोरही लगेच 'सुपरटेस्टर' ठरत नाही: माणसात कडूची सुमारे २५ ग्राहकं आहेत, आणि टीएएस२आर३८ प्रामुख्यानं कोबी-मोहरीच्या कुळातली द्रव्यं पकडतं. चवीची जाण पारखायचीच तर मटणाच्या अळणी पाण्याचा आणि नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा जास्त कामाचा. तिथं आग कमी असल्यानं मीठ, स्निग्धपणा आणि मटणाचा अर्क वेगवेगळे कळतात.