रुबाब एकाचा, नेम दुसऱ्याचा

सिनेमातला हिरो ज्या पिस्तुलाने गल्लीभर गुंड लोळवतो, ते घेऊन ऑलिंपिकच्या २५ मीटर रेंजवर गेलात, तर तपासणीच्या टेबलावरूनच तुमची परत पाठवणी होईल. कोल्ट, ग्लॉक, बेरेटा या सगळ्या मातब्बर मंडळींना तिथे प्रवेश नाही. तिथे राज्य आहे .२२ बोअरच्या, दिसायला ओबडधोबड अशा पिस्तुलांचं.

पेटीत मावलं तर पास. या पिस्तुलाने ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायलाच हवं, आणि त्याचं वजन १४०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. मग ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवून पिस्तूल वर उचलतात. ट्रिगर सुटला की पिस्तूल बाद. ग्लॉकला ही परीक्षा अगदीच सोपी, कारण कारखान्यातून येतानाच त्याचा ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. अडचण नेमकी तीच आहे. जोर जितका जास्त, तितकी शेवटच्या क्षणी मनगट हलण्याची शक्यता जास्त.

मॅगझिन पुढे का? पार्डिनी किंवा वॉल्थर जीएसपी पाहिलंत तर मॅगझिन मुठीत सापडणार नाही. ते ट्रिगरच्या पुढे असतं. त्यामुळे लाकडी मूठ पूर्ण मोकळी राहते आणि नेमबाजाच्या पंजाबरहुकूम हवी तशी कोरता येते. दुसऱ्याची मूठ हातात घेतली तर दुसऱ्याची कवळी तोंडात घातल्यासारखं वाटतं.

१९११ची गंमत. जॉन ब्राउनिंगने घडवलेलं आणि अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेलं .४५ बोअरचं हे धूड १९८५ पर्यंत लष्कराचं मुख्य पिस्तूल होतं. नळी पाच इंचांची, वजन किलोच्या वर. लष्करी बनावटीत सुटे भाग मुद्दाम जरा सैल ठेवलेले, चिखल-वाळू गेली तरी अडकू नयेत म्हणून. नेमबाजांना नेमकं उलटं हवं असतं. अमेरिकेतले कारागीर वर्षानुवर्षं हीच पिस्तुलं उघडून वरची सरकती स्लाइड घट्ट बसवतात, नळीचं तोंड जुळवतात, ट्रिगर रेशमी करतात. तिथल्या बुल्सआय स्पर्धेत हे पिस्तूल एका हाताने धरून ५० यार्डांवर नेम धरतात. दुसरा हात खिशात! पाहायला आरामशीर वाटतं, करून पाहा.

पण इथेही खरी मेख स्लाइडमध्ये आहे. १९११ असो वा ग्लॉक, नेम धरायचे साइट्स सरकत्या स्लाइडवर बसवलेले असतात आणि दर गोळीला नळीसुद्धा थोडी कलते. सगळं परत जागच्या जागी, तेही केसभर फरक न होता, बसावं लागतं. बिल रुगर यांनी १९४९ साली .२२ चं जे पिस्तूल बाजारात आणलं, त्यात ही कटकटच नव्हती. नळी आणि तिच्या मागचं नळकांडं एकमेकांत घट्ट, साइट्स त्यावरच, हलणार फक्त आतला बोल्ट. किंमत साडेसदतीस डॉलर. स्वस्त आणि नेमकं, हा योग बंदुकांच्या दुनियेत तसा दुर्मीळच.

ग्लॉकमधलं सतरा. अनेकांना वाटतं, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या म्हणून ग्लॉक १७. प्रत्यक्षात गॅस्टन ग्लॉक यांचं ते सतरावं पेटंट. त्याआधी या ऑस्ट्रियन गृहस्थांनी पडद्याच्या दांड्या आणि सुऱ्या केल्या होत्या, पिस्तूल एकही नाही. १९९० सालच्या ‘डाय हार्ड २’ने हे पिस्तूल चिनीमातीचं असून विमानतळावरच्या एक्स-रेत दिसत नाही, अशी पुडी सोडली. स्लाइड आणि नळी चांगली पोलादाची आहे हो!

झेक भाऊ. कौत्स्की बंधूंच्या सीझेड ७५ मध्ये स्लाइड सांगाड्याच्या बाहेरून न धावता आतून धावते. म्हणून झटका बसला तरी ते हातात स्थिर वाटतं. पण पेटंट गुप्त ठेवण्याच्या सरकारी हट्टामुळे परदेशात त्याला संरक्षणच मिळालं नाही, आणि जगभर त्याच्या नकला निघाल्या. धावत-पळत निशाणे टिपायच्या आयपीएससी स्पर्धांत याच घराण्याचं शॅडो २ आज लाडकं आहे.

उलटं पिस्तूल. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला सोव्हिएत नेमबाज चक्क उलटं बांधलेलं पिस्तूल घेऊन आले. नळी खाली, हाताच्या रेषेत, म्हणजे झटक्याने तोंड वर उडणारच नाही. डोकं अफाट! पुढे नियम बदलून असल्या पिस्तुलांना बंदी घातली गेली.

उजवा गेला, डावा आहे. हंगेरीचे कारोय ताकाच यांच्या उजव्या हातात १९३८ साली हातबॉम्ब फुटला. गडी गुपचूप डाव्या हाताने सराव करत राहिला आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकांत रॅपिड फायरचं सुवर्ण घेऊन गेला. मला विचाराल तर पिस्तुलांच्या साऱ्या तुलना या एका माणसापुढे फिक्या आहेत.

आणि आपली राही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तेही शूट-ऑफमध्ये. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारच्या अंतिम फेरीत दहाच्या वर्तुळाला नुसतं शिवून भागत नाही, १०.२ किंवा त्याहून चांगला नेम असेल तरच गुण. हात खाली, तीन सेकंदांत वर, नेम, गोळी, पुन्हा खाली.

आपल्याकडचं त्रांगडं. भारतात ९ मिलिमीटर हा ‘प्रतिबंधित बोअर’, म्हणजे सर्वसामान्यांना त्याचा परवाना मिळत नाही. जगातली निम्मी नामांकित पिस्तुलं या एका नियमात बाद. तरी ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल तयार झालं, पण ते फौजेसाठी आणि पोलिसांसाठी. .२२ पेक्षा मोठ्या बोअरच्या सेंटर फायर प्रकारातले आपले नेमबाज धरतात .३२ बोअर. त्याचं काडतूस मुळात १८९६ सालच्या रिव्हॉल्व्हरसाठीचं, आणि गोळी पुढून सपाट. ती कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे रेषेला लागली की नाही यावरून पंचांशी हुज्जत घालायला फारशी जागा उरत नाही.