सत्ता कोणाची, त्यावर कुपोषणाचा दोष

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ मध्ये शंभरहून अधिक आदिवासी बालके दगावली, तेव्हा मुख्यमंत्री होते काँग्रेसचे सुधाकरराव नाईक आणि विरोधी पक्षनेते भाजपचे गोपीनाथ मुंडे. सप्टेंबर २०१६ मध्ये शेजारच्या मोखाडा तालुक्यातील खोच गावात कुपोषित मुलाच्या मृत्यूनंतर पालकमंत्री विष्णू सवरा गेले, तर गावकऱ्यांच्या संतापाने त्यांना घेरले. आता सत्ता भाजपची होती आणि अंगणवाड्यांचे खाते मुंडे यांच्या कन्या पंकजा यांच्याकडे. राजीनामे मागायची पाळी काँग्रेस-राष्ट्रवादीवर आली. विधानसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये भाजपमध्ये जाऊन मंत्री झाले.

बाके बदलली, कारणे तीच राहिली.

भात, नाचणी, वरई घरात आली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. पोरेबाळे बरोबर जातात. अंगणवाडीतला आहार थांबतो, दरमहाचे वजन चुकते, लस राहून जाते. गावातच वेळेवर काम आणि मजुरी मिळाली, तर यातली बरीच घरे थांबतील. म्हणून इथल्या कुपोषणाची चर्चा रोजगार हमीपाशी यायलाच हवी. पण तिथेही निवाडा पक्ष पाहूनच होतो.

नरेंद्र मोदी यांनी २०१५ मध्ये लोकसभेत ‘मनरेगा’ या रोजगार हमी योजनेला काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक ठरवले. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्याच सरकारने या योजनेला ४० हजार कोटी रुपये जादा दिले. दुसरीकडे, काँग्रेसप्रणीत सरकारच्याच काळात योजनेची तरतूद २०१०-११ मधल्या ४०,१०० कोटींवरून २०१३-१४ मध्ये ३३ हजार कोटींवर आली. काँग्रेसच्या भाषणांत त्या कपातीचा उल्लेख क्वचितच येतो. काम केल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी द्यावी, असे २००५ चा कायदा सांगत होता. ती दोन्ही राजवटींत रखडली.

पक्ष पाहून निवाडा करण्याचा हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि त्यांचा शपथविधी होण्याआधीच रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था सुधारल्यासारखी वाटू लागली, डेमोक्रॅट मतदारांना बिघडल्यासारखी. २०२० च्या निवडणुकीनंतर हेच उलटे झाले. तिथे मतदारांचा अंदाज चुकला. मोखाड्यात मात्र पक्षाभिमानापोटी गप्प राहणे लहान मुलांच्या जिवावर बेतते, आणि ते अक्षम्य आहे.

तेव्हा जव्हार-मोखाड्याची बातमी पुन्हा आली, तर वाचकांनी आपल्या आवडत्या पक्षाच्या आमदारालाही दोन गोष्टी विचाराव्यात: अंगणवाडीत मुलांची वजने शेवटची कधी झाली, आणि मजुरी किती दिवसांनी मिळाली?