टॉम बॉम्बाडिल नेमका कोण?

टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (1954-55) घालणाऱ्याला अदृश्य करणारी अंगठी बोटात घालूनही टॉम बॉम्बाडिल अदृश्य होत नाही. तेवढ्यावरून अनेक वाचक त्याला वेषांतर केलेला सृष्टिकर्ता एरू ठरवतात. हा तर्क कादंबरीतल्या एलराँडच्या सभेतच कोलमडतो. तिथे जादूगार गॅन्डाल्फ सांगतो, की अंगठीची सत्ता बॉम्बाडिलवर चालत नाही, पण इतरांवरची तिची पकड त्यालाही सोडवता येत नाही. बाकी सारं जग पडलं तर शेवटी तोही पडेल, असं ग्लोरफिंडेल या एल्फला वाटतं. आता सृष्टिकर्ताच हरणार म्हटल्यावर काय उरलं? ही पात्रं चुकत असतील, असा आक्षेप येतो. मात्र या कथेत ईश्वर देहधारी होऊन येत नाही, हे टोल्कीननं पत्रातही लिहिलं आहे.

मग तो ‘आउले’सारखा एखादा ‘वाला’, म्हणजे एरूच्या हाताखालची देवतासमान शक्ती असेल? माझ्या मते, मुळात लपवलेली ओळखच नाही. बॉम्बाडिल 1934मध्ये एका कवितेतून छापून आला होता, ‘हॉबिट’च्याही तीन वर्षं आधी. आपल्या मुलांच्या बाहुलीवरून सुचलेलं हे पात्र टोल्कीननं नंतर कादंबरीत आणलं आणि जाणूनबुजून कोडंच ठेवलं. पीटर जॅक्सननं 2001च्या चित्रपटात त्याला चक्क गाळलं, तरी कथानक कुठे अडलं नाही.